पोरीचा चार्ज

आमच्या या पट्ट्यात निम्म्या लोकांचा रविवार गुरुवारी असतो. चिंचवड-भोसरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. त्या दिवशी रहाटणीत न्हाव्याच्या दुकानातल्या बाकावर जागा मिळत नाही, आणि एरवी कधी न दिसणारे पुरुष हातात पिशवी घेऊन भाजीवाल्याशी घासाघीस करताना दिसतात. माझ्या नवऱ्याची कंपनी चिंचवडची, म्हणून त्याला गुरुवार. माझी कंपनी चाकणकडे, निघोजे गावाजवळ, आणि आम्हाला रविवार. लग्न झालं तेव्हा यावरून मी पुष्कळ भांडले होते. नशिबाशीच, कारण भांडायला समोर दुसरं कुणी नव्हतं. मुलगी झाल्यावर मात्र हेच वेगळे वार मला देवाने करून दिलेली सोय वाटायला लागले.

तोंडावर मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते. इथे लिहिताना ‘तो’ म्हणणार आहे, कारण मनातल्या मनात मी त्याला कधीच अहो म्हटलेलं नाही.

आम्ही दोघंही लातूरकडचे. तो चिंचवडला एका कंपनीत मशीनवर, कंत्राटी. मी गाड्यांच्या वायरिंगच्या कामावर. गाडीच्या पोटात वायरींचे जे जुडगे असतात, ते आम्ही बायका बांधतो. समोर मोठी फळी, तिच्यावर खुंट्या, त्या खुंट्यांमधून रंगीत वायरी ओढायच्या, टेप गुंडाळायची, टोकं बसवायची आणि फळी पुढच्या बाईकडे सरकवायची. मला हे काम आवडतं. माझा हात चालतो, टेप कुठे सैल पडत नाही, आणि लग्नाआधीच मी तिथे कायम झाले होते. बाळ झाल्यावर बाईने नोकरी सोडावी असं सांगणारे पुष्कळ भेटले. आमच्या घरात कायम कोण आहे आणि कंत्राटी कोण, हे त्यांतल्या एकानेही विचारलं नाही.

सासूबाई येऊ शकत नव्हत्या. सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांना सोडून त्या निघणार कशा? माझी आई मी शाळेत असतानाच गेली. तेव्हा प्रश्न आमचा आम्हालाच सोडवायचा होता. सासूबाईंनी फोनवर एकच गोष्ट बजावली. “लेकरू परक्याच्या हाती देऊ नका माय. उपाशी ऱ्हावा, पण परक्याच्या हाती देऊ नका.” त्यांनी सांगितलं नसतं तरी मी दिलं नसतं. पाळणाघर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एक अंधारी खोली आणि ओळीने झोपवलेली पोरं यायची. मी एकही पाळणाघर आतून पाहिलेलं नव्हतं, हा भाग वेगळा.

मग आम्ही युक्ती काढली. तो पहिल्या पाळीला असला की मी दुसऱ्या पाळीला, आणि मी पहिलीला असले की तो दुसरीला. आमच्याकडे बायकांना रात्रपाळी नव्हती. त्याला होती, पण त्याच्या खात्यातला एक बिनलग्नाचा पोरगा रात्रीच्या भत्त्यासाठी त्याच्याशी पाळ्या बदलून घ्यायचा. त्याचे मित्र चेष्टा करायचे, “काय राव, बायकोची भेट होती का न्हाई? का नुसता निरोप?” तो हसून घरी येऊन मला सांगायचा, आणि सांगेपर्यंत माझी निघायची वेळ झालेली असायची.

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि मी कामावर हजर झाले. तेव्हापासून ती दोन वर्षांची होऊन गेली तोवर आमचं घर असं चाललं. दार उघडलं की कुणीतरी आत यायचं आणि कुणीतरी बाहेर जायचं. त्याचा पाय आत, माझा बाहेर. सुट्टीच्या दिवशीही तेच. रविवारी तो पाळी करून आला की मी लगेच दळण, बाजार, बँक अशा कामांना पिशवी घेऊन पळायची. गुरुवारी मी आले की तो गॅसच्या नंबरला नाहीतर गाडीच्या दुरुस्तीला. दुसऱ्याची दुसरी पाळी असली तर सुट्टीवाला सकाळीच ती कामं उरकायला जायचा. एकाचे हात मोकळे झाले की दुसऱ्याने बाहेरची कामं उरकायची, यात आम्हाला शहाणपण वाटायचं. रात्री तिघं एका छताखाली असायचो, पण तेव्हा ती झोपलेली. ती उठायची तेव्हा दोघांतला एकच समोर असायचा.

कंपनीत पाळी सुटताना जाणारा माणूस येणाऱ्याला चार्ज देतो. म्हणजे मशीनशेजारी उभं राहून सांगतो, की आज अमुक ठिकाणी अडकतंय, तमुक भाग गरम होतोय, लक्ष ठेव. ते ऐकल्याशिवाय येणारा हात लावत नाही. आम्ही दोघं त्याच सवयीचे. दारात मी पायात चपला घालता घालता सांगायची, “दूध अर्धंच प्याली. शी झाली. ताप नाही. उजव्या कानाला हात लावते सारखी, तेवढं बघा.” तो हेल्मेट काढत मान हलवायचा, पोरगी त्याच्या हातात जायची आणि मी जिना उतरायची. कधी लाडात येऊन तो म्हणायचा, “घेतला पोरीचा चार्ज. जा आता.” हे दोन शब्द आमच्या घरात इतके रुळले की मलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

मी पहिल्या पाळीला असले की मात्र मध्ये फट पडायची. त्याला दुपारी निघावं लागायचं आणि माझी बस चाकणच्या रस्त्यावरच्या गर्दीत अडकलेली. ती फट आमच्या घरमालकीण बाईंनी भरून काढली. त्या रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. जिथे त्यांचा ऊस होता तिथे आता त्यांच्याच तीन मजली खोल्या, आणि एका खोलीत आम्ही. खाली फाटकाशी त्यांचा ओटा होता, तिथे त्या दिवसभर बसून असायच्या. तो पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवून जायचा, बस कोपऱ्यावर थांबली की मी उतरून तिला उचलायची. एकदा मी म्हटलं, “मावशी, तुम्हाला रोजचा त्रास.” त्या माझ्यावरच खेकसल्या. “तरास कसला गं? आमी काय नांगर धरून बसलोय व्हय? रान गेलं, जनावरं गेली, सुना आपापल्या खोल्यांत. येवढी पोरगीच काय ती जवळ येती.”

मावशींना मी परकं धरत नव्हते. घरमालकीण परकी कशी? हिशेब माझ्या सोयीचा होता.

आणि मला त्या युक्तीचा माज होता, हे कबूल करायला हवं. कंपनीच्या बसमध्ये सगळ्याच आया. कुणाचं मूल धाराशिवला आईकडे, दिवाळीला भेटणारं. ती बाई रोज खिडकीशी बसून मोबाइलवर त्याचा तोच तोच व्हिडिओ बघायची. कुणाचं पाळणाघरात. कुणाची मोठी मुलगी शाळेतून आल्यावर धाकट्याला सांभाळायची. कुणी विचारलेलं नसतानाही प्रत्येक जणी आपापली बाजू मांडायची, आणि मांडताना थोडं मोठ्याने बोलायची. मला बाजू मांडावी लागत नसे. “आमची एक मिनिटही परक्याच्या हातात नसते,” असं मी म्हणायची. बसमध्ये कुणी त्यावर काही बोलत नसे, आणि ती शांतता मला आवडायची.

फक्त एक होतं. पोरगी रडायची.

तो दारात आला की रडायची. नुसती कुरकुर नाही, हंबरडा. त्याच्या गाडीचा आवाज खाली आला की खेळणं टाकून माझ्या पायांना विळखा घालायची. तो हात पुढे करायचा आणि ती तोंड फिरवायची. सहा-सात तास मशीनसमोर उभं राहून, वाटेत तिच्यासाठी पाव किंवा केळं घेऊन आलेला माणूस. त्याचं तोंड उतरायचं. “मला बघूनच रडते ही. तुझीच लाडकी,” असं म्हणायचा आणि लगेच हसून दाखवायचा. मला वाईट वाटायचं, पण खरं सांगते, आतून थोडं बरंही वाटायचं. नोकरी करूनही पोरगी माझीच आहे, असं.

ते बरं वाटणं पुढच्याच आठवड्यात उतरायचं. मी पहिल्या पाळीला गेले की दुपारी मावशींच्या मांडीवर बसलेली ती मला बसमधून उतरताना बघायची आणि तसाच हंबरडा फोडायची. मावशींच्या लुगड्यात तोंड खुपसायची. मी घामाने निथळलेली, पहाटेपासून उभी, आणि माझं मूल मला बघून दुसऱ्या बाईच्या कुशीत लपतंय. ओट्यावरून तिला ओढून काढताना माझे डोळे भरून यायचे. मावशींसमोर रडायचं नाही म्हणून मी तिच्यावरच ओरडायची. एकदा गुरुवारी तो घरी असताना मी दारात शिरले, तर त्याच्या खांद्यावर बसलेली ती मला बघून रडायला लागली. तेव्हा त्याला किती बरं वाटलं ते मला दिसलं. त्याचा मला राग आला. आठवडाभर मी त्याला फक्त चार्ज दिला, दुसरं काही बोलले नाही.

म्हणजे त्याला वाटायचं ती माझी, मला वाटायचं ती त्याची, आणि दोघंही मनातल्या मनात झुरत होतो. एकत्र बसून हे बोलायला आमच्याकडे वेळ कुठे होता? आणि असता तरी बोललो असतो असं वाटत नाही.

मावशींचं निदान वेगळं होतं. “दिष्ट लागली पोरीला. रस्त्यावरचा वटा, येणारा-जाणारा बघतो.” त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. चूल त्यांनी मागच्या अंगणात खास ठेवलेली होती, पाणी तापवायला. मोहऱ्या तडतडल्या तशा त्या समाधानाने म्हणाल्या, “बघ, किती व्हती.”

आणि खरंच, त्यानंतर महिना-दोन महिन्यांत तिने रडणं सोडलं. तो आला की ती गुपचूप माझ्या कडेवरून खाली उतरायची. मी निघाले की दाराशी येऊन हात हलवायची. ओठ घट्ट मिटलेले असायचे, पण आवाज नाही. मावशी म्हणाल्या, “शानी झाली गं पोरगी.” तोही म्हणाला, “शहाणी झाली.” बसमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, की आमची आता अजिबात रडत नाही, दोन वर्षांची पोर, पण किती समज! धाराशिवची ती बाई म्हणाली, “नशीबवान आहेस.” मी मान हलवली. मला तसंच वाटत होतं.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही गावी गेलो नाही. एरवी सणाला दोघांनाही सुट्टी मिळाली की आम्ही लातूरची गाडी धरायचो, आणि तिथे एवढी माणसं की पोरगी कुणाच्या कडेवर आहे याचा पत्ता नसायचा. त्या वर्षी सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलेलं होतं, घरात कुणी नव्हतं, आणि दिवाळीला या असं सासूबाईंनीच सांगितलं. म्हणून कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं सकाळी एकाच खोलीत जागे होतो. मला आठवतं, मी पुऱ्या लाटत होते, श्रीखंड तयार होतं, आणि मी गुणगुणत होते. मी गुणगुणते हे नवऱ्याला माहीतच नव्हतं. तो चहा पिता पिता माझ्याकडे बघत राहिला आणि मला नव्या नवरीसारखी लाज वाटली.

मग तो झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं आणायला खाली गेला. गाडीची पूजा करायची होती. पोरगी माझ्याजवळ पिठाच्या गोळ्याशी खेळत बसली होती.

थोड्या वेळाने बेल वाजली. मी हात पुसून दार उघडलं. तो पिशवीभर फुलं घेऊन उभा, सणाचा नवा शर्ट घातलेला, खुशीत. “काय गर्दी बाजारात,” असं काहीतरी म्हणत आत आला.

पोरगी उठली. पिठाचा गोळा तिने नीट ताटलीत ठेवला. दारामागच्या कोपऱ्यात माझी डब्याची पिशवी असायची. ती तिने दोन्ही हातांनी ओढत आणली आणि माझ्या पायाशी ठेवली. परत गेली. माझी एक चप्पल आणली. परत गेली. दुसरी आणली. दोन्ही माझ्या पावलांसमोर लावून ठेवल्या, उलट्या-सुलट्या का होईना. आम्ही दोघं बघत होतो. मला आधी हसूच आलं, की बघा, किती लक्ष असतं हिचं.

मग ती त्याच्याकडे गेली. त्याच्यासमोर उभी राहिली, मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, “दूद प्याली. शी झाली. ताप नाई.”

एवढं बोलून ती दाराशी जाऊन उभी राहिली आणि मला हात हलवायला लागली. ओठ घट्ट मिटलेले.

तेलात टाकलेली पुरी करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले. तो अजून पिशवी धरून तसाच उभा होता. मी खाली बसून तिला जवळ घेतलं. म्हटलं, “आज सुट्टी आहे राणी. आई नाही जात. बाबा आले ना? आता तिघं जेवायचं.” तिला सुट्टी हा शब्द कळत नव्हता. कसा कळणार? तिच्यापुरतं जगात एवढंच होतं, की बाबा आले म्हणजे आई गेली. आई आली म्हणजे बाबा गेले, नाहीतर मावशींची मांडी गेली. घरी येणारं माणूस तिच्यासाठी कधी नुसतं आलेलंच नव्हतं. येताना दरवेळी ते कुणालातरी घेऊन गेलं होतं. इतके दिवस ती रडली ती त्याला बघून नव्हे, मला बघूनही नव्हे, आता दुसरं जाणार म्हणून. आम्ही दोघं मात्र त्यावरून एकमेकांचा हेवा करत बसलो होतो.

मी पिशवी उचलून फळीवर ठेवली. ती खुर्ची ओढायला लागली, पिशवी काढायला. शेवटी मी ती पिशवी खाली घेतली आणि तिच्यादेखत डबा बाहेर काढून त्यात पुऱ्या भरल्या, की बघ, हा घरीच लागणार आहे. ती बघत राहिली. जेवताना एक घास खाल्ला की ती माझ्याकडे बघायची, दुसरा घास खाल्ला की त्याच्याकडे.

संध्याकाळी सोनं द्यायला मावशींकडे जायचं होतं. तो म्हणाला, “तूच जा. मी आता बाहेर पडत नाही.” का, ते मी विचारलं नाही. मी खाली गेले, मावशींना आपट्याची पानं दिली, पाया पडले आणि उभ्या उभ्या परत आले. दार उघडून आत पाऊल टाकलं तर पोरगी त्याच्या मांडीवरून उतरली आणि कोपऱ्यातून त्याचं हेल्मेट घेऊन आली. जड होतं तिला. पोटाशी धरून आणलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

लग्नात, माझ्या बाळंतपणात, त्याच्या बापाच्या दुखण्यात, मी त्याला कधी रडताना पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी तो हेल्मेट मांडीवर घेऊन रडला. पोरगी त्याच्या समोर उभी राहून हात हलवत होती.

त्यानंतर आम्ही बोललो. लग्नानंतर पहिल्यांदा इतकं बोललो असू. मी म्हटलं, मी सोडते नोकरी. हे मी तोंडाने म्हटलं, पण माझ्या आवाजातच नव्हतं ते, आणि त्याला ते ऐकू आलं. तो म्हणाला, “तू कायम आहेस. मी कुठे कायम आहे?” त्याने पाळीची नोकरी सोडली आणि भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये दिवसाचं काम धरलं. पगार कमी, सुट्टी मात्र मालकाला गळ घालून रविवारी मागून घेतली. मी सुपरवायझरच्या मागे लागून लागून लाइनवरून नव्या मुलींना शिकवायच्या टेबलावर आले, तिथे जनरल शिफ्ट होती. फळीवरचं काम सुटलं. हाताला अजून त्याची आठवण येते. पण आता आम्ही दोघं सकाळी जाणार होतो आणि संध्याकाळी येणार होतो, एकत्र. आणि म्हणून, इतकी वर्षं नाव घ्यायचं नाही असं ठरवलेल्या पाळणाघरात पोरीला घालायचं होतं.

सासूबाई कितीतरी दिवस माझ्याशी फोनवर बोलल्या नाहीत. गावात नवऱ्याला नावं ठेवली गेली, की बायकोच्या नोकरीपायी स्वतःची सोडली. पण मला सगळ्यांत जास्त लागलं ते मावशींचं. आम्ही पाळणाघराचं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी पोरीचा फ्रॉक सारखा केला. मग म्हणाल्या, “दिसभर माझ्या वट्यावर बसली असती की. मला इचारायचं तरी.” त्यांना विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवसभर मूल सांभाळायचं म्हणजे त्याचे पैसे द्यायचे, आणि मावशींना पैसे कसे द्यायचे, या विचाराने आम्ही तो विषय मनातच संपवला होता. मी म्हटलं, “तुमचं आता वय झालं मावशी.” त्या म्हणाल्या, “व्हय. झालं खरं.” पुढे बरेच दिवस दुपारी चाकणची बस कोपऱ्यावर थांबली की त्या मांडीवरचा पदर सारखा करून बसायच्या, असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं. मावशी आता नाहीत. ओटाही नाही, तिथे गाड्या लागतात.

पाळणाघर जवळच होतं. एका बाईंनी आपल्या घरातल्या दोन खोल्यांत काढलेलं. अंधारी खोली नव्हती. खिडक्या होत्या, उन्हात वाळत घातलेल्या दुपट्यांची रांग होती, आणि बाईंचा आवाज मोठा असला तरी हात मऊ होता. पहिल्या दिवशी सोडताना आम्ही दोघं गेलो. ती रडली नाही. तिने माझी पिशवी माझ्या हातात दिली, त्याचं हेल्मेट त्याच्या हातात दिलं. बाई कौतुकाने म्हणाल्या, “अगंबाई, किती शहाणी मुलगी!” आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

संध्याकाळी तो कोपऱ्यावर माझ्या बसची वाट बघत थांबला होता, दोघांनी मिळून आत जायचं म्हणून. आम्ही फाटकात उभे राहिलो. बाईंनी आत हाक मारली, “बघ, तुझे आई-बाबा दोघंही आले!” बाकीची पोरं अशा हाकेला धावत सुटत होती. आमची दारात आली आणि उंबऱ्याशीच थांबली. माझ्याकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. परत माझ्याकडे. कपाळाला आठी घालून ती विचार करत होती, आणि मग तिने अगदी हळू विचारलं, “आता कोन जानार?”

मी म्हटलं, “कुणीच नाही. तिघं घरी जाणार.” तिने विश्वास ठेवला असं मला वाटत नाही. पण एका हाताने माझी ओढणी धरली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पिशवीचा पट्टा. बूट घालायलाही तिने हात सोडले नाहीत. बाईंनीच खाली बसून घातले.

आता ती चौथीत आहे. उंच झालीये, माझ्यासारखी भांडखोर, बापासारखी केळी खाणारी. त्या वर्षांतलं तिला काही म्हणजे काही आठवत नाही. आम्ही तिला कधी सांगितलेलं नाही. ती सगळ्यांना बिनधास्त सांगते, “मी पाळणाघरात वाढले,” आणि ऐकणाऱ्या बायका माझ्याकडे एका ठरावीक नजरेने बघतात. ती नजर मला ओळखीची आहे, कारण बसमध्ये एके काळी मीच ती दुसऱ्यांना देत होते. त्या बायकांशी मी भांडत नाही. त्यांना वाटतं मला पाळणाघराचं वाईट वाटत असेल. मला वाईट वाटतं ते त्याआधीच्या वर्षांचं, जेव्हा ती एक मिनिटही परक्याच्या हातात नव्हती.

परवा रविवारी आम्ही तिघं जेवून पत्ते खेळत बसलो होतो. ती जिंकत होती आणि बापाला चिडवत होती. दुधाचे पैसे घ्यायला कुणीतरी आलं, बेल वाजली. तो दार उघडायला उठला. ती हातातले पत्ते तसेच धरून गप्प झाली. दाराकडे तिने बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.